१४ किमीच्या लिंकवर १०जी मॉड्यूल टाकलं, दुपारी एरर यायलेत, ८० किमीचं घालू काय?

केबलवाला_खानापूर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण अर्धं सांगितलं की उत्तर पण अर्धंच मिळतं.

मी खानापूर तालुक्यात केबल आणि नेट दोन्ही चालवतो. खानापूरच्या ऑफिसपासून नंदगडला आमची स्वतःची लाइन हाय, एकच कोर, म्हणजे केबलमधला एकच फायबर, वापरात, केबलवरच्या मीटर मार्किंगप्रमाणं १४ किमी. जॉइंट एकूण ९, त्यातले ६ मूळचे ड्रमचे आणि ३ नंतर रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तेव्हा मारलेले. चार वर्षं ह्याच कोरवर १जीचं (सेकंदाला १ गिगाबिट) बायडी मॉड्यूल चाललं, म्हणजे स्विचमध्ये बसून एकाच कोरवरनं लाइट पाठवणारं आणि घेणारं, १३१०/१५५० नॅनोमीटर (एनएम) वेव्हलेंथ वालं, एकदा घातलं ते परत हात लावला नाही, आमच्याकडचे चार पावसाळे त्यानं काढले. आता नंदगडला संध्याकाळी आठनंतर १जी पूर्ण भरतंय, क्रिकेटची मॅच असली की विचारूच नका, म्हणून १०जीला जायचं ठरवलं, दोन्हीकडचे स्विच बदलले आणि १०जी बायडी घेतलं, २० किमीचं, खानापूरला १२७० आणि नंदगडला १३३०.

लिंक लगेच आली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर सीआरसी एरर (बिघडून पोचलेला डेटा) वाढायला लागले, दोन-अडीचला लिंक पडते उठते पडते उठते, साडेचारला ऊन उतरलं की आपोआप नीट, रात्री तर एकदम साफ. आज सहावा दिवस, रोज हेच.

डीडीएममध्ये, म्हणजे मॉड्यूल स्वतःच मोजून दाखवतं त्यात, रात्री जे दिसतंय ते देतो, टीएक्स म्हणजे पाठवलेला लाइट, आरएक्स म्हणजे पोचलेला. खानापूर टीएक्स -१.१, आरएक्स -१४.१. नंदगड टीएक्स ०.२, आरएक्स -१६.०. सगळं डीबीएममध्ये (लाइटचा जोर मोजायचं माप, आकडा जेवढा उणे तेवढा उजेड कमी).

ज्यांच्याकडनं मॉड्यूल घेतलं ते म्हणतात २० किमीचं कमी पडायलंय, ८० किमीचं घाला, त्याला जोर जास्त असतो. मला कळेना झालंय ते हे की लिंक १४ किमीची, मॉड्यूल २० किमीचं, मग कमी पडायचं कारण काय? नंदगडला माझ्या लाइनवर एक दवाखाना हाय, एक पतसंस्था हाय, दुपारी लिंक पडली की पतसंस्थेत माणसं पासबुक हातात धरून उभी राहतात, ते बघून मला रात्री झोप लागेना झालीय. ८० किमीचं मागवू काय? सांगा की ओ कुणीतरी.

चिकोडी_नेट

दादा घाला बिनधास्त, ८० नको वाटलं तर ४० चं घाला. मी पण एका लिंकला असंच केलं, १०-११ किमी असेल, २० चं मॉड्यूल नाटक करत होतं, ४० चं टाकलं, आज दीड वर्ष झालं काही नाही. किमी जास्त असलेलं चांगलंच की, कमी अंतरावर जास्त ताकद, फायदाच हाय.

आणि आधी एक करा, मॉड्यूलमधून लाइट निघतंय काय नाही ते मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, टीव्हीच्या रिमोटचं बघतो तसं. काहीच दिसलं नाही तर मॉड्यूलच खराब.

वडगावची_लेक

थांबा थांबा, काहीच मागवू नका अजून. मी मूळची वडगाव बेळगावची, गेली अकरा वर्षं बंगळुरूत डेटा सेंटरमध्ये नेटवर्क बघते, हे मॉड्यूल रोज हातात असतात. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

मॉड्यूलवर लिहिलेले किमी हे खरं तर अंतर नाहीच. कंपनीनं चांगली केबल, चांगले जॉइंट, स्वच्छ कनेक्टर असं गृहीत धरून तो आकडा छापलेला असतो. रिसीव्हरला किमी कळत नाहीत, त्याला फक्त त्याच्यापर्यंत किती उजेड पोचला तेवढंच कळतं, आणि तो मोजायचा डीबीमध्ये. तुमच्या आकड्यांवरून बघा. खानापूरहून -१.१ नं निघालं आणि नंदगडला -१६.० नं पोचलं, म्हणजे वाटेत १४.९ डीबी गेले. उलट दिशेला ०.२ वरून -१४.१, म्हणजे १४.३ गेले. ३ डीबी गेले की उजेड निम्मा, १० डीबी गेले की दहावा हिस्सा. जवळपास १५ डीबी म्हणजे शंभरातले ९७ भाग वाटेतच संपले, तीन पोचले.

आता जायला किती हवे होते ते काढू. १२७०-१३३० एनएमला साध्या सिंगल मोड केबलमध्ये किमीला फार तर ०.४ डीबी धरा, १४ किमीचे ५.६. नऊ जॉइंट, मशीननं मारलेला जॉइंट ०.१ च्या आतच बसतो तरी ०.१ धरू, ०.९. दोन्ही टोकांना मिळून कनेक्टरच्या चार जोडण्या, प्रत्येकी ०.५ धरून २. बेरीज ८.५. हे सगळं मी हात सैल सोडून धरलंय तरी ८.५, आणि तुमचे जातायत १४-१५. म्हणजे कुठंतरी सहा डीबी गळायलेत. मॉड्यूल कमी पडत नाहीये, लाइन गळतेय.

मग १जी चार वर्षं कसं चाललं? कारण १जीचा रिसीव्हर खूप सोशिक असतो, तुमच्या जातीचं बायडी साधारण -२२, -२३ पर्यंत अंधारात पण वाचतं. १०जीला एका बिटासाठी मिळणारा वेळ दहापट कमी, तेवढ्या वेळात हो की नाही ठरवायचं म्हणजे उजेड जास्त लागतो. १०जी एलआरच्या, म्हणजे १० किमीच्या मॉड्यूलच्या, २००२ च्या स्टँडर्डमध्ये रिसीव्हरला किमान -१४.४ डीबीएम पोचलं पाहिजे असं आहे आणि २० किमीची बायडी पण त्याच आसपास असतात, डेटाशीटवर बघून घ्या. तुमचं नंदगड -१६ वर बसलंय. रात्री चालतंय कारण बहुतेक मॉड्यूल लिहिल्यापेक्षा थोडं जास्त सोसतात. पण दोर अगदी ताणलेला आहे, दुपारी उन्हानं लेसरचा जोर थोडा कमी झाला की तुटतो. नंदगडचं मॉड्यूल कुठं बसवलंय, आणि दुपारी दोन वाजता डीडीएमला टेंपरेचर किती दाखवतं ते सांगा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, डीडीएमचा पॉवरचा आकडा ३ डीबी इकडे तिकडे असू शकतो, तेवढी सूट स्टँडर्डमध्येच दिलेली आहे. पण तुमच्या दोन्ही दिशा सारखंच सांगतायत म्हणून मला इथं विश्वास वाटतो. दोन दिशांत अर्धा-पाऊण डीबी फरक आहे तो योग्यच, १२७० ला केबल थोडं जास्त खाते.

चिकोडीवाले दादा, कॅमेऱ्याचं मात्र खरं नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा, तो साधारण ११०० एनएमच्या पुढचं काहीच बघू शकत नाही. रिमोटचा लाइट ९४० चा म्हणून दिसतो. १२७०, १३१०, १५५० चं मॉड्यूल धडधडीत चालू असलं तरी कॅमेऱ्यात अंधारच दिसणार, तेवढ्यावरनं कुणी चांगलं मॉड्यूल फेकून देऊ नये.

चिकोडी_नेट

बरं झालं ताई सांगितलंत. गेल्या वर्षी मी एक मॉड्यूल ह्याच कारणानं बाजूला टाकलं होतं, खोक्यात हाय अजून, उद्या पॉवर मीटरवर बघतो. पण ४० चं टाकून माझं चाललंय ते तर खरं हाय, त्यात चूक काय?

वडगावची_लेक

चाललंय कारण तुमच्याकडे पण लाइन गळत असणार, नाहीतर १०-११ किमीला गरजच पडली नसती. ते जाऊ दे, ८० किमीचं का नको ते सांगते, कारण खानापूरवाल्यांचे पैसे अडकतील.

४० किमीचं ईआर निदान स्टँडर्डमध्ये तरी आहे, ८० किमीचं झेडआर त्या स्टँडर्डमध्ये नाहीच, प्रत्येक कंपनी आपापलं बनवते. त्यात साधारण ० ते +४ डीबीएम निघतं आणि रिसीव्हर एपीडी नावाचा असतो, फार हळवा, -२३, -२४ पर्यंत वाचणारा. पण त्याला वरची मर्यादा पण असते, बहुतेकांना -७ च्या वर चालत नाही. आज तुमच्या लाइनवर लावलंत तर +२ मधून १४.५ गेले, -१२.५ पोचलं, झकास चालेल. सगळे म्हणतील बघा, सांगितलं होतं. मग पाच-सहा महिन्यांनी कुणीतरी ओडीएफमधला (केबलची टोकं येतात त्या पेटीतला) कनेक्टर साफ करेल नाहीतर पॅचकॉर्ड (पेटीपासून मॉड्यूलपर्यंतची छोटी फायबर वायर) बदलेल, गळती थांबेल, ८.५ च जातील, आणि रिसीव्हरला -६.५ पोचेल. लाइन सुधारली आणि लिंक बिघडली असं होईल, आणि कारण कुणाला म्हणून सापडणार नाही. टेबलावर टेस्ट करताना छोट्या पॅचकॉर्डनं दोन झेडआर समोरासमोर जोडले तर एपीडी कायमचा पण जाऊ शकतो, मधे १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (मुद्दाम उजेड कमी करणारा तुकडा) घातल्याशिवाय जोडायचे नाहीत.

गळणाऱ्या पायपाला मोठी मोटर लावू नका, एवढंच म्हणणं आहे माझं.

स्प्लायसर_निपाणी

ताईंनी हिशोब बरोबर मांडलाय, आता गळती कुठं असू शकते ते मी सांगतो, मी २००९ पासून जॉइंट मारतोय, निपाणी संकेश्वर हुक्केरी चिकोडी कागवाड, सगळीकडं फिरणं हाय.

पहिलं, दादा तुम्ही केबल टीव्हीवाले. तुमच्या कपाटात हिरव्या टोपीचे पॅचकॉर्ड पडलेले असणार, आणि निळे पण. हिरवं म्हणजे एपीसी, त्याचं तोंड ८ अंशानं तिरकं घासलेलं असतं. निळं म्हणजे यूपीसी, त्याचं तोंड सरळ. टीव्हीच्या लाइनला हिरवं लागतं कारण तिथं उलटा परतणारा लाइट चित्र खराब करतो. मॉड्यूलला निळं लागतं. एससी टाइपचा चौकोनी कनेक्टर असला तर दोन्ही एकमेकांत खट्ट करून बसतात, हाताला काही कळत नाही, पण आत तिरकं तोंड आणि सरळ तोंड, मधे हवेची फट राहते, तीन-चार डीबी तिथंच गेले. शिवाय तोंडाला ओरखडे पडतात ते वेगळंच. मी जेवढ्या केबलवाल्यांकडं १०जीची तक्रार बघायला गेलोय त्यातल्या निम्म्यांत हेच निघालंय. आधी दोन्ही टोकांचे कपलर (दोन कनेक्टर जिथं समोरासमोर जुळतात ते) उघडून नुसता रंग बघा, मीटर, ओटीडीआर (लाइट सोडून गळती कुठं हाय ते दाखवणारं मशीन) काही लागत नाही.

दुसरं, घाण. फायबरच्या आत लाइट जाते ती जागा ९ मायक्रॉनची, डोक्याचा केस त्याच्या सात-आठपट जाड असतो. बोट लागलं की त्या बोटाचं तेल त्याच्यावर बसतं. शर्टानं पुसलं की सुताचा तंतू राहतो, फुंकर मारली की थुंकीची वाफ. पेनसारखा क्लिक करायचा क्लीनर मिळतो तो घ्या, कोरडंच करा, नाही गेलं तर आयसोप्रोपिलनं आणि परत कोरडं. मॉड्यूलच्या आतलं तोंड पण घाण असतं, ते लोक विसरतात. आणि जी रबरी टोपी लावून ठेवतो ती पण स्वच्छ नसते.

तिसरं, वाक. हे जॉइंटच्या डब्यात होतं. निपाणीजवळ एका लिंकला मला बोलावलं होतं, १३१० ला सगळं ठीक, १५५० ला पाच डीबी जास्त. खरं तर १५५० ला केबल कमी खाते, किमीला ०.२ च्या आसपास, त्यामुळं १५५० ला जास्त जायला लागलं की समजायचं कुठंतरी फायबर मुडपलंय. ओटीडीआर दोन्ही वेव्हलेंथला मारला, तिसऱ्या जॉइंटवर पायरी दिसली, डबा खाली उतरवून उघडला तर ट्रेच्या झाकणाखाली एक लूप चेपला गेलेला, स्क्रू आवळणाऱ्यानं बघितलंच नाही. तो लूप बाहेर काढून नीट गोल बसवला, नुसता बसवला, परत जॉइंटसुद्धा मारला नाही, पाचच्या पाच डीबी परत आले.

तुमच्या जुन्या १जी मॉड्यूलमध्ये एका बाजूला १५५० होतं. जुने आरएक्सचे आकडे कुठं लिहून ठेवलेत काय? त्यावरनं वाक हाय काय नाही ते घरी बसून कळेल.

केबलवाला_खानापूर

मामा जुने आकडे लिहून ठेवले नव्हते, पण जुना स्विच अजून ऑफिसातच हाय आणि ते मॉड्यूल पण. उद्या रात्री बारानंतर १० मिनिटं जुनं घालून बघतो, दवाखान्यात सांगून ठेवतो.

नंदगडचं मॉड्यूल एका घराच्या भिंतीवर पत्र्याच्या कपाटात हाय, भिंत पश्चिमेची. आज दुपारी दोनला टेंपरेचर बघितलं, ७४ दाखवलं. टीएक्स तेव्हा -१.३, रात्री ०.२ असतं. म्हणजे ताई म्हणतात तेच, दीड डीबी उन्हानं खाल्लं. पण एक विचारतो, नंदगडचा टीएक्स कमी झाला तर त्रास खानापूरच्या आरएक्सला व्हायला पाहिजे ना, तो तर -१४ ला होता, बरा होता, मग नंदगडच्या बाजूला पण एरर का?

वडगावची_लेक

चांगला प्रश्न. गरम झालेल्या मॉड्यूलचा फक्त लेसरच नाही, रिसीव्हर पण मंदावतो, आतला नॉइज, म्हणजे नको असलेला विद्युत गोंधळ, वाढतो. नंदगडला आधीच -१६ पोचत होतं, तो गरम झाल्यावर तेवढं पण वाचेना. आणि खानापूरला -१४.१ चं दुपारी -१५.६ झालं. दोन्ही बाजू एकाच वेळी काठावर आल्या.

साधं कमर्शियल मॉड्यूल ० ते ७० अंशांसाठी असतं, हे मॉड्यूलच्या अंगाचं टेंपरेचर, हवेचं नाही. तुमचं ७४ म्हणजे मर्यादेच्या बाहेर. -४० ते ८५ वालं इंडस्ट्रियल मिळतं, पण आधी कपाटाला सावली आणि वारा द्या. डीडीएममध्ये टीएक्स बायस नावाचा आकडा असतो तो पण रोज बघत जा, लेसर म्हातारा व्हायला लागला की तेवढाच उजेड काढायला त्याला जास्त करंट लागतो, पॉवर पडायच्या आधी बायस चढतो.

उद्यमबाग_मेंटेनन्स

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या कारखान्यात दोन शेडमध्ये ४०० मीटरचं १०जी करायचं हाय. दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं मॉड्यूल आणलं तर स्विच पोर्टच चालू करेना, 'अनसपोर्टेड' म्हणतोय. मॉड्यूल खोटं हाय काय?

वडगावची_लेक

खोटं असेलच असं नाही. प्रत्येक मॉड्यूलच्या आत एक छोटी मेमरी असते, त्यात कंपनीचं नाव, पार्ट नंबर, वेव्हलेंथ लिहिलेलं असतं. एसएफपीचा, म्हणजे ह्या मॉड्यूलचा, आकार आणि पिना सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या आहेत म्हणून बसतं कुठंही, पण काही स्विच ती मेमरी वाचून आपलं नाव नसलं की पोर्ट बंद ठेवतात. विकणाऱ्याला स्विचचं मॉडेल सांगून त्याप्रमाणं कोडिंग करून मागा, चांगले विकणारे करून देतात. घ्यायच्या आधीच सांगायचं, नंतर बदलून घेताना दमछाक होते. ४०० मीटरला केबल मल्टीमोड (जाड गाभ्याची, जवळच्या अंतराची) आहे की सिंगल मोड (बारीक गाभ्याची, लांबची) ते आधी बघा. एसआर, म्हणजे जवळच्या अंतराचं मॉड्यूल, मल्टीमोडवर चांगल्या ओएम४ केबलला सुद्धा ४०० मीटरपर्यंतच, म्हणजे तुम्ही एकदम कडेला. नवीन टाकणार असाल तर सिंगल मोड टाका आणि एलआर लावा, पुढं २५जी, १००जी केलंत तरी केबल तीच राहील.

स्प्लायसर_निपाणी

केबलवाले दादा, अजून एक, हे नीट ऐका. तुमच्या रॅकमध्ये टीव्हीचा ईडीएफए, म्हणजे लाइटचा जोर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, असणार. त्यातनं २० डीबीएम पण निघतं, म्हणजे १०० मिलीवॉट, १५५० ला, डोळ्याला दिसत नाही. ते कनेक्टर कधी तोंडासमोर धरू नका, मायक्रोस्कोपनं तर चालू असताना मुळीच बघू नका, डोळा जाईल. आणि ईडीएफए चालू असताना कनेक्टर पुसायला गेलात तर घाण तिथंच जळून चिकटते, मग ते पिगटेल (केबलला जोडलेला, एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) कापूनच टाकावं लागतं. आधी बंद करा, मग हात लावा. मी एका पोराला माझ्यासमोर बघताना हात धरून मागं ओढलंय, म्हणून सांगतोय.

केबलवाला_खानापूर

चार दिवसांनी लिहितोय, मधे वळीव आला, दोन दिवस करंट नव्हता, जनरेटर बघत बसलो.

आधी जुनं १जी मॉड्यूल घालून बघितलं, रात्री सव्वाबारा ते साडेबारा. १३१० च्या दिशेला १४ गेले, १५५० च्या दिशेला ११.६. म्हणजे १५५० ला कमीच जायलंय, वाक नाही. मामांनी सांगितलेलं हे मला आयुष्यभर पुरेल, डबे उतरवायची गरज नाही हे घरी बसून कळलं, नऊ डबे उतरवायचे म्हणजे दोन दिवस आणि चार माणसं गेली असती.

मग नंदगडचं कपाट उघडलं. ओडीएफचा कपलर निळा, आतलं पिगटेल निळं, आणि माझा पॅचकॉर्ड हिरवा. मीच लावलेला चार वर्षांपूर्वी, आठवतंय मला, तेव्हा घाईत खोक्यात जो मिळाला तो लावला होता. बाहेर काढून बेळगावच्या मित्राकडनं आणलेल्या मायक्रोस्कोपखाली धरला, मॉड्यूल आधी काढून ठेवलं होतं. मधला गोल ठिपका दिसायला पाहिजे तिथं कडेला अर्धचंद्रासारखा घासलेला पट्टा, आणि पिगटेलच्या तोंडावर तसाच ओरखडा, पण मधल्या ठिपक्यापासून बाजूला. नवीन निळा पॅचकॉर्ड लावला, पिगटेल तीनदा साफ केलं. नंदगडचा आरएक्स -१६ वरनं -१२.१ झाला. तिथंच उभा राहून दोन मिनिटं आकडा बघत होतो.

दुसऱ्या दिवशी खानापूरचं टोक. तिथं दोन्ही निळे, पण मायक्रोस्कोपखाली धरलं तर पूर्ण तोंडावर ढगासारखं पसरलेलं तेल, बोटाच्या रेघा सुद्धा मोजता येतील एवढ्या स्पष्ट. क्लिक क्लीनर दोनदा मारला, ओल्यानं एकदा, परत कोरडा. मॉड्यूलच्या आतून पण केलं.

आताचे रात्रीचे आकडे. खानापूर टीएक्स -१.१, आरएक्स -८.२. नंदगड टीएक्स ०.२, आरएक्स -९.९. म्हणजे ८.८ आणि ८.४ जायलेत. ताईंनी घरबसल्या ८.५ सांगितलं होतं.

नंदगडचं कपाट अजून तिथंच हाय पण वर सिमेंटचा पत्रा वीतभर सोडून टाकला आणि खालनं वरनं जाळी कापून बसवली, आज दुपारी अडीचला ६१. एरर शून्य. सकाळी काउंटर साफ करून ठेवला होता, रात्री दहाला बघितला तेव्हा पण शून्य. पतसंस्थेच्या काकांचा फोन आला, आज नेट गेलं नाही म्हणून.

८० किमीचं मागवलं नाही. तेवढ्या पैशात मायक्रोस्कोप, पॉवर मीटर आणि दोन क्लीनर येतायत, तेच घेतो.

चिकोडी_नेट

वा दादा, लई आनंद झाला. मी पण खोक्यातलं मॉड्यूल काढून मीटरवर धरलं, -२.३ देतंय, एकदम चांगलं. आणि माझ्या त्या ४० किमीच्या लिंकचं पण काढलं, ११ किमीला १३ डीबी जायलेत. रविवारी कपाटं उघडून रंग बघणार हाय.

पण आता मला भीती वाटते, माझं ४० चं हाय, लाइन साफ केली आणि जास्त पोचलं तर?

वडगावची_लेक

मग साफ करायच्या आधीच हिशोब करा, तेच बरोबर. ४० चं १५५० चं ईआर असेल तर रिसीव्हरची वरची मर्यादा -१ च्या आसपास. ११ किमीला १५५० ला २.५ धरा, जॉइंट आणि कनेक्टर धरून पाच-साडेपाच जातील. तुमचं टीएक्स +२ असेल तर -३ पोचेल, चालेल पण फार वर आहे. ५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर आणून ठेवा, साफ करून आकडा -३ च्या वर गेला तर रिसीव्हरच्या बाजूला लावा. दोन कोरवर असेल तर दोन्ही रिसीव्हरला वेगवेगळा लागेल.

केबलवाला_खानापूर

ताई शेवटचं एक. अजून दोन-तीन वर्षांनी १०जी पण भरलं तर ह्याच कोरवर १००जी जाईल काय?

वडगावची_लेक

एकाच कोरवर सरळ नाही. नेहमीचं १००जी एलआर४ दोन कोर मागतं, एक जायला एक यायला, आणि १० किमीचं असतं, तुमचं १४. त्याच्या आत चार लेसर असतात, १२९५ ते १३०९ एनएमच्या मधे, प्रत्येक २५जीचा, एकाच फायबरमधून चौघे जातात. ४० किमीचं ईआर४ आहे पण महाग. एका कोरवर चालणारी १००जी बायडी पण आता मिळतात, पण त्यांचा डीबीचा हिशोब आजच्यापेक्षा कडक असतो. त्याआधी तुमच्या केबलमध्ये रिकामे कोर किती आहेत ते मोजा आणि ते आत्तापासून दोन्ही टोकांना ओडीएफवर आणून, टोपी लावून, मोजून ठेवा. दुसरा कोर मिळाला की आणखी एक १०जी टाकून दोन्ही एकत्र बांधता येतात, नंदगडला तेवढं पुष्कळ वर्षं पुरेल.

आणि १००जी लावाल तेव्हा डीडीएममध्ये चारही लेनचे (म्हणजे चारही लेसरचे) आकडे वेगवेगळे बघायचे. आमच्याकडे एकदा बेरीज झकास दिसत होती आणि लिंक रडत होती, तिसरी लेन एकटीच सहा डीबी खाली होती. दोन्हीकडं एफईसी (डेटातल्या चुका आपोआप दुरुस्त करायची सोय) चालू-बंद सारखं आहे ना ते पण बघायचं, एकीकडं चालू आणि दुसरीकडं बंद असलं तर उजेड भरपूर असून पण लिंक येत नाही, आणि माणूस कनेक्टर पुसत बसतो.

केबलवाला_खानापूर

रिकामे ४ कोर हायत, नंदगडला वेटोळं करून तसेच डब्यात ठेवलेत. पावसाळ्याच्या आधी ओडीएफवर आणतो. मामा, मृग लागायच्या आत निपाणीहून एक दिवस येऊन जाल काय? जेवण घरीच. दोन्ही कपाटांच्या दाराच्या आतल्या बाजूला आजची तारीख, टीएक्स, आरएक्स, टेंपरेचर आणि बायस मार्करनं लिहिलंय, खाली जागा मोकळी सोडलीय, तुमचे आकडे त्याच्याखाली लिहू.

स्प्लायसर_निपाणी

येतो की. पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतो, मशीन आणि ओटीडीआर घेऊन येईन. चार कोर दोन्ही टोकांना म्हणजे आठ जॉइंट, आठ निळी पिगटेल आणून ठेवा, रंग बघून.